पसंती एकाची, पाय हजारांचे

व्यापारी इमारतीत सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे फरशी, आणि सर्वांत कमी वेळात निवडली जाणारी वस्तूही तीच. दर्शनी पाटीवरची अक्षरे सोनेरी असावीत की लाल, यावर मालक मंडळींच्या तीन-तीन बैठका होतात. फरशी मात्र शोरूममधला चहा येऊन संपेपर्यंत ठरते. पाटी पुढे कोणी वाचत नाही, कारण दुकान सगळ्या गावाला ‘मारुतीच्या देवळासमोरचं’ म्हणूनच ठाऊक असते. फरशीला मात्र सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत सुटका नसते.

घराची फरशी आणि धंद्याच्या जागेची फरशी यांतला मूळ फरक चपलेचा आहे. घरात चपला दाराशी निघतात आणि आत येतात ते मोजके, ओळखीचे आणि बऱ्याचदा धुतलेले पाय. बँक, दवाखाना, मॉल, मंगल कार्यालय, एसटी स्टँडाबाहेरचे उपाहारगृह या ठिकाणी पाय थेट रस्त्यावरून येतात आणि येताना थोडा रस्ता सोबत आणतात. त्या रस्त्यात वाळू असते, वाळूत क्वार्ट्झ असते. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्सच्या पट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक 7 आणि संगमरवराचा 3. म्हणजे संगमरवरी दुकानात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक, काहीही खरेदी न करता, निदान एक ओरखडा ठेवून जाते. यावर शास्त्रात उपाय आहे. दारापासून आत पायपुसण्याची पट्टी इतकी लांब असावी की प्रत्येक पाऊल तिच्यावर तीन-चार वेळा पडेल. प्रत्यक्षात दारात दीड फुटाचे एकच पायपुसणे असते आणि त्यावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेले असते. अक्षरांना पाय लावू नये अशा संस्कारांत वाढलेली माणसे ते आदराने ओलांडून, चिखलासकट, आत येतात.

फरशीची खरेदी शोरूममध्ये होते, आणि तिथल्या सगळ्या फरश्या भिंतीला टेकून उभ्या असतात. जन्मभर आडवी पडून राहणारी वस्तू उभी करून पसंत केली जाते. तिच्यावर वरून पिवळा दिवा सोडलेला असतो, जवळपास पाण्याचा थेंब नसतो, आणि तिच्यावरून आजवर कोणीही चाललेले नसते. गिऱ्हाईक बोटाच्या पेरांनी टकटक करून बघते, नखाने ओरखडते आणि विचारते, “डाग पडतो का हो?” विक्रेता या प्रश्नाची वाटच पाहत असतो. तो खिशातून मार्कर काढून फरशीवर जाडजूड रेघ ओढतो आणि फडक्याने पुसून दाखवतो. मार्करने फरशीवर लिहिणारे गिऱ्हाईक अद्याप कोणत्याही दुकानात आलेले नाही. तिथे सांडतो तो चहा, गळते ते स्कूटरचे ऑइल, उडते ती पानाची पिंक. पण प्रात्यक्षिक मार्करचेच होते आणि सौदाही त्यावरच पटतो.

निवड समितीत साधारणपणे पाच जण असतात. आर्किटेक्टला चमक नको असते. तो ‘मॅट’, ‘सटल’, ‘अर्दी’ असे शब्द वापरून राखाडी रंगाची शिफारस करतो. मालकाला चमक हवी असते, कारण शेजारच्या दुकानात ती आहे. मालकाच्या मेहुण्याची टाइल्सची एजन्सी असते किंवा असलेल्याशी ओळख असते. वास्तुशास्त्रवाला आग्नेयेला निळी फरशी चालणार नाही असे सांगून फी घेतो. या चौघांचे एकमत झाले की मिस्त्री येतो, जागा बघतो, तंबाखू मळतो आणि म्हणतो, “साहेब, हा माल इथं बसणार नाही.” अखेर जो बसतो तो मालच निवडला असे मानण्याची पद्धत आहे. रोज पहाटे हातात मॉप घेऊन येणाऱ्या मावशींना समितीत जागा नसते. फरशी निवडणारे आणि फरशी पुसणारे यांची आयुष्यात एकदाही गाठ पडत नाही, आणि व्यापारी फरशीचे बहुतेक दोष या न झालेल्या भेटीतून निघतात.

जुन्या इमारतींना निवडीचा हा त्रास नव्हता. सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरच्या शहाबादची फरशी यायची, आंध्रातून काळा कडाप्पा यायचा, पुढे राजस्थानातल्या रामगंजमंडीकडून कोटा आला. तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे, तिन्ही मुकाट सोसणारे. गोदाम, गिरणी, शाळा, स्टँड, कचेरी असा भेद त्यांनी कधी केला नाही. कोटा फरशीला तर वापराने वेगळेच तेज चढते. वर्षानुवर्षे माणसे ज्या वाटेने चालतात तेवढीच पट्टी तुकतुकीत होते आणि कडेला मूळचा दगड तसाच राहतो. कचेरीत तक्रार खिडकीकडे जाणारी वाट आणि चहाच्या टपरीकडे जाणारी वाट यांपैकी कर्मचाऱ्यांची वर्दळ कुठे जास्त आहे, हे त्या फरशीकडे पाहून कोणालाही सांगता येते. या दगडांचा शत्रू एकच, आम्ल. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड ‘जरा जोर येऊ दे’ म्हणून बाहेरच्या फरशीवरही ओतले की चुनखडी फसफसते. हे फसफसणे म्हणजे मळ निघतो आहे, असा सफाईचे कंत्राट घेणाऱ्यांमध्ये दृढ समज आहे. तो फेस दगडाचाच असतो.

दगडानंतर मोझॅक आले. त्याआधी श्रीमंती इमारतींसाठी नक्षीदार फरश्या बोटीने यायच्या. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कंपनीचा माल मुंबईने पुष्कळ तुडवला आहे. 1922 साली, स्वदेशीच्या वाऱ्यात, मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी निघाली आणि सिमेंटच्या रंगीत फरश्या इथेच होऊ लागल्या. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून केलेले मोझॅक पुढे सरकारी कार्यालये, सहकारी बँका, कॉलेजे आणि दवाखाने यांचे अधिकृत भूपृष्ठ बनले. त्याचा गुण असा की त्यावर काही दिसतच नाही. धूळ, राख, चहाचे थेंब, सगळे त्या ठिपक्यांत सामावून जाते. दोषही तोच. कंपाउंडरच्या हातून गोळी पडली की ती पुन्हा कोणाच्या हाती लागत नसे, आणि टाचणी सापडायची ती पायालाच. नव्वदीनंतर लोकांनी हे मोझॅक मागासलेपणाचे लक्षण ठरवून उखडले. आता तेच टेराझो म्हणून कॅफेंमध्ये परतले आहे आणि ते उखडण्याची मजुरी ज्यांनी दिली, त्यांचीच मुले ते बसवण्याची मजुरी देत आहेत.

सध्याचे राज्य मोरबीचे. गुजरातेतले हे गाव भिंतीवरची घड्याळे आणि जमिनीवरच्या फरश्या अशा दोन्ही वस्तू देशभर पुरवते. त्यामुळे कितीतरी कार्यालयांत मोरबीच्या फरशीवर उभे राहून मोरबीच्याच घड्याळात सुटायची वेळ पाहिली जाते. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ दाबून, सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजून व्हिट्रिफाइड टाइल तयार होते. ती स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणजे इमारतीतल्या बाकी सर्व घटकांपेक्षा जास्त निर्लेप असते. तिच्यात जाती आहेत. ‘डबल चार्ज’मध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे तो झिजायला काळ लागतो. चकाकी चढवलेल्या जातीत नक्षी वरच्या वर छापलेली असते. या चकाकीची झीज सोसण्याची ताकद मोजणारी पीईआय नावाची श्रेणी आहे. ती 5 पर्यंत जाते आणि वर्दळीच्या जागी 4 किंवा 5 घ्यावी असे तज्ज्ञ सांगतात. शोरूममध्ये पीईआय विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता जरा संशयाने पाहतो. हा माणूस खरेदीला आला आहे की तपासणीला, हे त्याला कळत नाही.

छापील नक्षीमुळे संगमरवर आता सर्वांच्या आवाक्यात आला. मायकेलअँजेलोने ज्या काराराच्या खाणीतल्या दगडातून डेव्हिड कोरला, तिथलीच ‘स्टॅच्युएरिओ’ ही जात. ती आज मोबाइल रिचार्जच्या दुकानातही पायाखाली असते. फक्त निसर्ग एक शीर दोनदा काढत नाही आणि छपाईयंत्र काढते. डिझाइनची चार-सहा तोंडे असतात आणि ती आलटून पालटून लावायची असतात. मिस्त्री खोक्यातून येतील तशी लावतो. मग करडी शीर दर तिसऱ्या फरशीवर त्याच जागी, त्याच वळणाने उगवते आणि दवाखान्यात नंबरची वाट पाहणारा रुग्ण छताऐवजी ती मोजत बसतो.

गोदामात फरशी लावणे हा पैशाचा आणि फरशीचा अपमान आहे. हातगाडीच्या लहान, कडक चाकांवर टनाचा बोजा आला की टाइलची कड फुटते. तिथे ट्रिमिक्स, म्हणजे निर्वाताने जास्तीचे पाणी ओढून घेतलेले आणि यंत्राने घोटलेले काँक्रीट, हेच खरे. औषधाच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यात इपॉक्सी. त्याला सांधा नसल्याने जंतूंना राहायला जागा मिळत नाही. इस्पितळात व्हिनाइल, तेही भिंतीवर चार बोटे गोलाईने चढवलेले, म्हणजे कोपरा उरत नाही. शस्त्रक्रियागृहात विजेचा भार जमिनीत उतरवणारी फरशी घालण्याची पद्धत ईथरच्या दिवसांत पडली. भूल देण्याचे ते द्रव्य ज्वालाग्राही होते आणि पायाखालच्या एका ठिणगीने रुग्णासकट डॉक्टरही निघाले असते.

आयटी कंपन्यांत कार्पेटच्या अर्ध्या मीटरच्या चौकोनी टाइल्स असतात, कारण कडक फरशीवर आवाज घुमतो आणि शेजारच्याची मीटिंग सर्वांना करावी लागते. चहा सांडला तर तेवढाच चौकोन काढून नवा बसवावा, हा त्यामागचा हिशेब. नवा बसवला की तो एकटाच नवा दिसतो आणि डागापेक्षा जास्त नजरेत भरतो. म्हणून अनुभवी देखभालवाले कपाटाखालचा जुना चौकोन काढून तिथे घालतात आणि नवा कपाटाखाली ढकलतात. कोकणात आणि मुंबईत कार्पेटचा विचार करणाऱ्याने तो जून महिन्यात करावा. सप्टेंबरपर्यंत त्याला वासावरून उत्तर मिळते. लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटचेही तसेच. त्याच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो, आणि पाण्याची बादली उपडी करून खराट्याने लादी धुण्याची ज्या प्रदेशाला शतकांची सवय आहे तिथे तो दोन दिवाळ्या काढत नाही.

आता घसरण्याविषयी. फरशीची घसरण मोजण्याची जर्मन पद्धत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. एका फळीवर फरशी बसवतात, तिच्यावर इंजिन ऑइल ओततात, ठरावीक बूट घातलेल्या माणसाला वरून दोराने बांधून तिच्यावर पुढे-मागे चालायला लावतात आणि फळी हळूहळू तिरपी करत नेतात. माणूस डळमळला की तो कोन लिहून घेतात. 6 ते 10 अंशांवर डळमळला तर फरशी आर-9, 35 अंशांच्या पुढेही उभा राहिला तर आर-13. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर वेगळी चाचणी असते. इंग्रजांनी त्याच कामासाठी लंबक वापरला. त्याच्या टोकाला टाचेचे काम करणारा रबराचा तुकडा असतो आणि ओल्या फरशीवर 36 किंवा जास्त आकडा आला तर धोका कमी मानतात. आपल्याकडे ही चाचणी जुलैत प्रत्येक बँकेच्या, प्रत्येक सराफी पेढीच्या दारात रोज होते. दोर तेवढा बांधत नाहीत.

इथेच विषयातला खरा पेच आहे. जी फरशी पटकन पुसली जाते ती गुळगुळीत असते, आणि जी गुळगुळीत असते तिच्यावर माणूस पडतो. खडबडीत फरशीवर माणूस उभा राहतो, पण मळही उभा राहतो. हॉटेलच्या स्वयंपाकघराकडून अन्नसुरक्षेची अपेक्षा असते की फरशी पाणी न शोषणारी, धुता येणारी असावी. आचाऱ्याची अपेक्षा असते की तेलाची कढई उचलून वळताना आपण कढईत जाऊ नये. दोघांचे समाधान करणाऱ्या फरश्या मिळतात, पण त्या दिसायला अगदी सामान्य असतात आणि म्हणून शोरूमच्या मागच्या खोलीत असतात. मालक तिथपर्यंत पोहोचत नाही. तो पुढच्याच दालनात आरशासारख्या चमकणाऱ्या टाइलसमोर स्वतःचे प्रतिबिंब पाहत थांबलेला असतो.

चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प 12 फुटांत 1 फूट, याहून जास्त चढाचा नसावा असा दंडक आहे. चढ पाळला जातो तिथेही त्यावर बसते ते पॉलिश केलेले काळे ग्रॅनाइट, कारण पायऱ्यांचे उरलेले असते. मग घसरगुंडी झाल्याचे लक्षात येते आणि रॅम्पवर ओळीने कुंड्या मांडतात. त्यानंतर मात्र तिथून कोणीही घसरत नाही. अंधांना वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या पट्ट्या जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 साली शोधल्या आणि दोन वर्षांनी ओकायामा शहरात त्या प्रथम बसल्या. इथेही त्या आता सर्वत्र दिसतात. दारापासून निघून त्या दिमाखात आत जातात आणि सुरक्षारक्षकाच्या टेबलाशी, क्वचित वजनकाट्याशी, संपतात.

रंगाबाबत नियम सोपा आहे. काळ्यावर धूळ दिसते, पांढऱ्यावर धूळ सोडून बाकी सगळे दिसते, आणि मातकट रंगावर काहीच दिसत नाही. म्हणून मातकट रंग कोणी घेत नाही. “एवढे पैसे घालून मातीच दिसायची असेल तर सारवलेली जमीन काय वाईट होती?” हा मालकाचा प्रश्न बिनतोड असतो. सारवलेली जमीन वाईट नव्हतीच. तिचे सांधे निघत नसत आणि ती दर आठवड्याला नवी व्हायची.

सर्व प्रकारच्या इमारतींत फरशीची सर्वांत कठोर परीक्षा मंगल कार्यालयात होते. सकाळी सहाला रांगोळी, मग हळद. हळदीचा डाग सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटने एकदा धरला की तो पुढच्या सर्व लग्नांच्या अल्बममध्ये येतो. मुहूर्तावर दोन-चारशे माणसे एकाच वेळी, आणि तीही बहुधा नेम चुकवून, अक्षता टाकतात. चकचकीत टाइलवर विखुरलेला कोरडा तांदूळ छर्ऱ्यांचे काम चोख करतो, आणि त्यावरून नव्या कोऱ्या सोलांचे बूट घातलेले नवऱ्या मुलाचे मामा लगबगीने निघालेले असतात. जेवणघरात जिलबीचा पाक, मठ्ठा, कोशिंबिरीतले लिंबू असे क्रमाने सांडते. बुफे सुरू झाल्यापासून सांडण्याला एक जागा राहिलेली नाही. पंगतीत पदार्थ निदान ओळीत सांडत. संध्याकाळी सहाला रिसेप्शन असल्याने मधल्या दोन तासांत हे सगळे धुऊन, वाळवून द्यायचे असते. अशा ठिकाणी खरखरीत, मध्यम रंगाची, इपॉक्सीने सांधे भरलेली आणि मोरीकडे नीट ढाळ असलेली फरशी हवी. आढळते ती बहुधा पांढरीशुभ्र, कारण व्हिडिओत पांढरी छान येते.

फरशी निवडून झाली तरी ती बसायची असते. खाली सिमेंट-वाळूचा माल किती घालायचा, टाइलच्या पाठीला माल सगळीकडे लागला की नाही, यावर तिचे आयुष्य ठरते. माल कोपऱ्यांत लागला नाही तर फरशी पोकळ राहते. काठी ठोकून आवाज ऐकला की ते कळते. पण काठी घेऊन कोणी येईपर्यंत त्यावर तिजोरी ठेवलेली असते. ढाळ हा दुसरा विषय. पाणी कुठे जावे हे नकाशात बाणाने दाखवलेले असते आणि पाणी नकाशा पाहत नाही. दोन फरश्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवावी, साधारण सहा ते आठ मीटरवर हालचालीसाठी मोठा सांधा सोडावा, भिंतीच्या कडेलाही जागा ठेवावी, असे सर्व मार्गदर्शिका सांगतात. मालकाला फट म्हणजे कामातला कच्चेपणा वाटतो. तो मिस्त्रीला अभिमानाने सांगतो, “पत्तासुद्धा आत जाता कामा नये.” मिस्त्री त्याची इच्छा पुरी करतो. मग खालचे काँक्रीट वर्षभरात थोडे आकसते, फरशी उन्हाने आणि ओलाव्याने थोडी वाढते, आणि जायला जागा नसल्याने एका दुपारी लॉबीच्या मधोमध दोन फरश्या फटाक्यासारखा आवाज करून तंबूच्या आकारात उभ्या राहतात. भूकंप, करणी आणि शेजारच्या प्लॉटमधले खोदकाम ही तीन कारणे त्याच संध्याकाळी पुढे येतात. सांध्याचे नाव कोणी घेत नाही.

काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. त्यावर इपॉक्सी घालायचे तर आतला ओलावाही गेलेला असावा लागतो. उद्घाटनाचा मुहूर्त मात्र सिमेंटला विचारून निघत नाही. अक्षय्य तृतीया किंवा दसरा हुकला तर पुढचे सहा महिने वाया, असे मालकाचे गणित असते. त्यामुळे अनेक इमारतींत शेवटची फरशी बसते तेव्हा सनईवाले आत आलेले असतात.

आणि मग उद्घाटन. झिजेपासून डागांपर्यंत फरशीच्या सर्व चाचण्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने घेतात. इथे त्या पाऊण तासात आटोपतात. पाहुणे नव्या उंबरठ्यावर नारळ आपटतात आणि ग्रॅनाइटच्या कडेचा टवका उडतो. नारळाचे पाणी पॉलिशवर पसरते व दुसरे पाहुणे त्यावर पाय ठेवतात. दृष्ट लागू नये म्हणून दारात लिंबू चिरडतात. दार संगमरवराचे असेल तर सायट्रिक आम्ल जागच्या जागी चकाकी खाऊन एक मळकट गोल करून ठेवते. दृष्ट लागते की नाही यावर मतभेद असतील, पण त्या गोलाकडे मात्र प्रत्येकाची दृष्टी जाते. हळदकुंकवाची पावले, समईचे तेल, पेढ्यांचे खोके आणि फुलांच्या ओल्या पाकळ्या हा उरलेला कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी मावशी कामाला लागतात, तेव्हा फरशीचे वय एक दिवस असते आणि अनुभव दहा वर्षांचा.

देखभालीत मुख्य अडचण पाण्याची. एका बादलीत मॉप बुडवून तीन मजले पुसले की तळमजल्याची धूळ दुसऱ्या मजल्यावर समप्रमाणात वाटली जाते. त्यात साबण जास्त झाला की त्याचा पातळ थर राहतो, तो धूळ धरतो, आणि फरशी ‘रोज पुसूनही मळकटच’ या कायमच्या तक्रारीला पात्र होते. ‘ओली फरशी’ असे लिहिलेला, माणूस पडतानाचे चित्र असलेला पिवळा फलक जवळपास प्रत्येक ठिकाणी असतो. तो फरशी ओली असतानाही असतो आणि कोरडी असतानाही असतो. मार्चमध्ये त्याच्या आडोशाला झाडू ठेवलेला असतो. त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे चित्रातला.

पुढेमागे एखादी फरशी फुटते. खरेदीच्या वेळी पाच-दहा टक्के जास्त माल घेऊन ठेवावा असे सांगतात, आणि घेतलेलाही असतो. पण काम संपल्यावर उरलेली खोकी वॉचमनच्या केबिनला लागलेली असतात, म्हणून सगळ्या संकुलात एकही तडा नसलेला स्टॅच्युएरिओ त्या सहा बाय चारच्या केबिनमध्येच पाहायला मिळतो. बाजारात तोच नंबर मागितला तर बंद झालेला असतो किंवा छटा किंचित वेगळी निघते. मग त्या जागी कुंडी, दानपेटी किंवा पाण्याचा कूलर येतो. एखाद्या कार्यालयात कूलर ऐन वाटेत का ठेवला आहे असा प्रश्न पडल्यास उत्तर कूलरखाली असते.

शेवटी फरशी बदलायची वेळ येते. जुनी उखडायची तर आवाज, धूळ, राडारोडा, आणि धंदा बंद. त्यामुळे जुन्यावरच चिकटद्रव्याने नवी बसवतात. हे तंत्र चांगले आहे, फक्त जमीन सुमारे 15 मिलिमीटरने वर येते. मग दारे घासत उघडतात, म्हणून सुतार बोलावून ती खालून छाटतात. काचेच्या दाराला सुताराचा उपयोग नसल्याने ते कायमचे अर्धे उघडे राहते. जिन्यावर मात्र जुनीच फरशी असते. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची 150 मिलिमीटरच्या आत आणि सर्वत्र सारखी असावी लागते, कारण पायाला पहिल्या दोन पायऱ्यांतच अंदाज येतो आणि पुढे तो डोळ्यांना विचारत नाही. आता शेवटची पायरी 165 झालेली असते. रोज माणसे नेमकी तिथेच अडखळतात आणि मागे वळून तिच्याकडे रागाने बघतात. व्यवस्थापन आधी पिवळ्या-काळ्या रंगाची पट्टी चिकटवते. ती आठवड्यात सुटून चपलेला चिकटून जाते. मग ‘पायरी सांभाळा’ अशी पाटी लागते. ती भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीच्याही थोडी वर असते, म्हणजे वाचण्यासाठी मान वर करावी लागते, आणि ठेच तेव्हाच लागते.